नरतुरंगातला पुंजका

आमच्या शिवाराच्या दक्षिणेला साखर कारखाना आहे. त्याचे दिवे हंगामभर तिकडचं आभाळ पुसून टाकतात. उसाचं शेवटचं टिपरू गाळून कारखाना गप्प झाला, की गाव लग्नसराईच्या तयारीला लागतं आणि मी दुर्बीण पुसायला घेते.

यंदा मे महिन्यात मला घाई होती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय. मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेवढं तरी टिकेल का, याची डॉक्टरांनी हमी दिली नाही. वर्षभर आबा बोलताना माझ्या कानाकडे बघतात. आपला चेहरा त्यांना आता दिसत नाही, हे मी मुकाट्यानं गिळलं होतं. पण सारी नोकरी फौजेत, उत्तरेच्या डोंगरांत काढलेल्या या माणसाला तिकडून न दिसणारा दक्षिणेचा तो ताऱ्यांचा पुंजका एकदा तरी दाखवायचाच, असा हट्ट मी धरला होता.

जेवणं लवकर उरकून आम्ही गच्चीवर गेलो. चार ताऱ्यांचा त्रिशंकू क्षितिजाच्या जरा वर उभा होता. त्याच्या डावीकडे वर, नरतुरंग तारकासमूहात मी दुर्बीण लावली. कापसाच्या बोंडासारखा धूसर गोळा, आणि त्यात लाखो तारे. हा उजेड तिथून निघाला तेव्हा माणसाला शेतीसुद्धा ठाऊक नव्हती. दरवर्षी बघते, तरी अंगावर काटा येतोच.

आबांनी दुर्बिणीला डोळा लावला. डोळा चोळून पुन्हा लावला. मी आपली शहाणी, सरळ मधोमध बघा म्हणून सांगत राहिले. शेवटी त्यांनी नजर जराशी बाजूला नेली.

"सरळ बगायचं न्हाई पोरी. पहाऱ्यावर शिकिवत्यात आमाला. अंधारात वस्तूच्या बाजूला बगायचं, तवा ती दिसती." मग आवाज एकदम खाली आला. "दिसला. लय मोठा हाय गं."

हे तर आभाळ बघणाऱ्यांचं पहिलं शिक्षण. पुस्तकात वाचून मी ते विसरले होते, त्यांच्या डोळ्यांना मात्र आता तोच एक रस्ता उरला होता. ते हलेचनात. मीही घाई केली नाही.

खाली उतरताना मी जिन्यातला दिवा लावला. आबा थांबले, नेहमीसारखे माझ्या कानाशेजारी बघत राहिले. नंतर म्हणाले, "लय वाळलीस गं."