होळीत गेलेला उतार

सुतारकाका कुणाशी भांडल्याचं इमारतीत कुणाला आठवत नाही. जन्मभर त्यांनी लोकांची दारं-खिडक्या बसवल्या, आणि कुणी टाकून बोललं तरी मान खाली घालून रंधा मारत राहिले. अशा माणसाला सगळे 'देवमाणूस' म्हणतात आणि खुशाल गृहीत धरतात.

काकू गच्चीवर कपडे वाळत घालताना पडल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेव्हापासून चाकांची खुर्ची. घर तळमजल्यावर, पण दारापुढे दोन पायऱ्या. बाहेर जायचं तर शेजाऱ्यांनी उचलायचं; कुणाचा हात काखेत, कुणाचा गुडघ्याखाली, आणि पदर सावरायला काकूंचे हात मोकळे नाहीत. असं दोनदा झालं आणि त्यांनी सांगून टाकलं, "पुरे. मला पोत्यासारखं कुठे न्यायचं नाही." मग त्या घराबाहेर पडल्याच नाहीत.

म्हणून काकांनी हिवाळाभर खपून पायऱ्यांवर टाकायला लाकडी उतार केला. चाक घसरू नये म्हणून कडेला पट्ट्या ठोकल्या. होळीच्या संध्याकाळी काकू स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत अंगणात येणार आणि होळीत नारळ टाकणार, असं ठरलं. दुपारी काकांनी उताराला तेलाचा शेवटचा हात दिला, वाळायला भिंतीशी उभा केला आणि जरा आडवे झाले.

जाग आली ती ढोलाच्या आवाजानं. भिंतीशी उतार नव्हता. काका अंगणात धावले, तर तो होळीच्या मधोमध! तेल प्यायलेला, त्यामुळे सगळ्यांत आधी पेटलेला.

"अध्यक्ष, अहो, हा माझा उतार!"

उत्सव मंडळाचे अध्यक्ष हसले. "काका, बाहेर पडलेलं लाकूड होळीचंच. पोरांनी उचललं असेल. होळीत गेलेलं कुणी परत मागतं का?"

"पडलेलं नव्हतं! वाळायला ठेवलं होतं!"

"बरं, सणासुदीला वाद कशाला?"

वा रे न्याय! ज्याचं जळलं, त्यानंच सणाचा मान राखायचा.

काका ओरडले. जन्मात पहिल्यांदा. "चोर आहात तुम्ही! लाजा वाटत नाहीत? आजारी बाईचा रस्ता जाळलात!" पण होळीला बोंब मारायची, हव्या त्याला शिव्या घालायच्या, ही तर रीतच. लोकांना वाटलं, काका रंगात आले. सगळ्यांनी तोंडावर हात नेऊन त्यांच्या सुरात बोंब ठोकली. अध्यक्षांनीही. कुणीतरी पाठीवर थाप मारली, "काका, आज खुललात की!" माणूस आयुष्यात एकदा तोंड उघडतो आणि लोक टाळ्या पिटतात. तळपायाची आग मस्तकात जाते ती अशी.

तेवढ्यात अध्यक्षांना दारात काकू दिसल्या. ठेवणीतली साडी, मांडीवर नारळ. "चला रे, चौघं जण काकूंना उचलून आणा!"

"हात लावाल तर याद राखा," काकू म्हणाल्या. बोंब थांबली.

काका वळले. घरातून पेचकस आणला, अंगणाच्या कडेला असलेल्या मंडळाच्या कार्यालयापाशी गेले आणि दाराच्या बिजागऱ्या सोडवायला लागले.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" अध्यक्ष किंचाळले.

"मीच बसवलं होतं. काढता येतं मला."

कुणी मदत केली नाही, पण अडवायचीही कुणाची छाती झाली नाही. काकांनी दार ओढत आणून पायऱ्यांवर टेकवलं आणि ते सरकू नये म्हणून खालच्या टोकाला पाय रोवून उभे राहिले. काकूंनी चाकं घट्ट धरली. दारावर अध्यक्षांच्या नावाची पितळी पाटी होती. एक चाक तिच्यावरून खडखडत गेलं. खुर्ची अंगणात आली, सरळ होळीपर्यंत गेली. काकूंनी नारळ आगीत टाकला आणि हात जोडले.

"झालं ना मनासारखं? आता दार बसवून टाका, काका," अध्यक्ष जरा नरमून म्हणाले. "कार्यालय उघडं पडलंय."

"पडू दे," काका म्हणाले. "उद्या हिला बाजारात जायचंय."