डागवाल्या काकूंचा अंगठा

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली ‘डागवाल्या काकू’ म्हणते, आणि ते ऐकताना त्यांची मान अशी ताठ होते की बघत राहावं. कपडे धुऊन इस्त्री करून देणारी दुकानं आणखीही आहेत. पण शाई, गंज, ग्रीस असलं काही निघेनासं झालं की लोक मुकाट आमच्याकडे येतात. सासूबाई कापड उजेडात धरतात, हुंगतात, मग उजव्या हाताच्या चिमटीत धरून हलके हलके चोळतात. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं. लग्न होऊन आले तेव्हा मी बोलले होते आणि चांगलीच बोलणी खाल्ली होती.

अशा बाईच्या अंगठ्याच्या मुळाशी इस्त्रीचा चटका बसला. चटके आम्हाला नवे नाहीत, पण हा चिघळला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, जखम ढिम्म. तपासणीत कळलं की आतले जंतू ही सगळी औषधं कोळून प्यायलेत. जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल, असं दवाखान्यातल्या सर्जननी तोंडावर सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाई डाव्या हाताने एक रुमाल चोळत बसल्या. तो सारखा निसटत होता. मी आत जाऊन रडले.

त्याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई उजेडाचा उपचार करायच्या. जखमेवर निळा रंग लावायचा, तो जंतूंना चिकटेपर्यंत हात काळ्या कापडाखाली ठेवायचा आणि मग वर लाल दिवा सोडायचा. उजेड पडला की तो रंग जंतूंना जागच्या जागी मारतो. “पण उजेड फार खोल जात नाही,” त्यांनी बजावलं. “म्हणून उशीर नको.”

पहिल्या दिवशी त्यांनी रंग लावला, हात झाकला आणि दिवा आणायला गेल्या. मी औषधाच्या खिडकीशी रांगेत होते. मी परतले तेवढ्यात डॉक्टरबाईही आल्या. कापड उचलतात तर हात लख्ख! जखम, तळवा, मनगट, इतकंच काय, खालच्या चादरीवर पडलेले थेंबसुद्धा गायब.

“काकू, रंग कुठे गेला?”

“गेला,” सासूबाई ऐटीत म्हणाल्या. “जरा हट्टी होता. पण तुमच्या ट्रेमधलं ओलं गॉज होतं आणि बेसिनवर साबण होता.”

मी कपाळावर हात मारला. “आई, अहो, ते औषध होतं!”

डॉक्टरबाई आधी चिडल्या, मग त्यांना हसू आवरेना. सासूबाईंचा मात्र चेहरा उतरला. डाग काढल्याबद्दल त्यांना आजवर कोणी बोललं नव्हतं. मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे डागाने डाग काढायचा?”

“अगदी तसंच.”

“मग लावा. चांगला गडद लावा.”

पुढे आठवड्यातून दोनदा आमची वारी सुरू झाली. दिव्याखाली जखम झोंबायची. सासूबाई ओठ आवळून बसायच्या, हात तसूभर हलवायच्या नाहीत. मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडत आलेय, पण तसं बसणं मला जमलं नसतं. दुकानात गिऱ्हाईकं खेचायची, “काय काकू, स्वतःचाच डाग निघेना?” सुरुवातीला त्या हात मागे लपवायच्या. नंतर निळा तळवा काउंटरवर आपटून सांगायला लागल्या, “बघून घ्या. हा डाग काम करतोय.”

कडांना गुलाबी मांस दिसायला लागलं. पू थांबला. सर्जननी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. तरी डॉक्टरबाईंना अंगठ्यातली ताकद बघायची होती. त्यांनी एक कागद पुढे केला. “चिमटीत घट्ट धरा, मी ओढते.”

सासूबाईंनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या डॉक्टरबाईंच्या खिशाकडे बघत होत्या. तिथे पेनाची शाई पाझरून चांगला रुपयाएवढा ठिपका झाला होता.

“काढा तो कोट.”

“काकू, आधी अंगठा—”

“काढा म्हणते ना! अशा कोटात पेशंटसमोर जाता?”

डॉक्टरबाईंनी निमूट कोट काढला. सासूबाईंनी ट्रेमधून स्पिरिट घेतलं, कापड खिशापाशी चिमटीत धरलं आणि चोळायला लागल्या. नवी कातडी ताणली जात होती, कपाळावर घाम आला होता. डॉक्टरबाई काही म्हणणार, तोच मी ओठांवर बोट ठेवलं. अंगठा अडला, पुन्हा वाकला, पुन्हा चोळायला लागला. शाई आधी फिकी झाली, मग पसरली, मग गेली.

त्यांनी कोट उजेडात धरला. “बघा.”

डॉक्टरबाई कोटाकडे बघतच नव्हत्या. त्या अंगठ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

मी दार उघडून बाहेर आले. बाकावर पेशंटची रांग होती. एकाने मला विचारलं, “आत एवढा वेळ काय चाललंय हो? कोण आहे?”

मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आमच्या सासूबाई आहेत. काम करतायत.”