दोन इंच माया

माझी थोरली बहीण शिवणकाम करते आणि मी शाळेत गणित शिकवतो. आता आमच्या दोघांत हिशेबात कोण चुकलं असेल, ते तुम्ही ओळखा. घाई करू नका, मीही केली नव्हती; मला कळायला सहा वर्षं लागली.

ताईला आख्खी इमारत टेपताई म्हणते. गळ्यातला टेप काढायचा तिला कंटाळा. भाजी आणायला तशीच जाते, लग्नालाही एकदा तशीच गेली होती. समोरचा माणूस बोलत असताना ती त्याचे खांदे डोळ्यांनी मोजत असते, त्यामुळे नवखा माणूस उगाच ताठ बसतो. भाऊजी शहर बसवर चालक. बोलणं कमी, काळजीचा तर पत्ताच नाही. "होईल काहीतरी" हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध.

भाड्याच्या सात घरांतून सामान हलवून झाल्यावर त्यांनी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर घेतलं. कर्ज वीस वर्षांचं, हप्ता नऊ हजार. बँकेतून आल्या दिवशी ताईने कागद खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर पसरला आणि बराच वेळ बघत राहिली. कर्ज वीस वर्षं आणि भाऊजींची नोकरी उरलेली चौदा.

"कापड सहा वर्षं कमी आहे," ती म्हणाली.

भाऊजी म्हणाले, होईल काहीतरी. पण होणार काय, ते स्पष्ट होतं. निवृत्तीनंतर पेन्शन मिळणार ते दोन माणसांच्या पोटापुरतं. त्यातून नऊ हजार निघणं शक्य नव्हतं. म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर घर विकायचं आणि आठवं भाड्याचं घर शोधायचं.

पहिली पाच वर्षं मुलीच्या शिक्षणात गेली. ती नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली आणि ताईने शिलाईच्या पैशांतून दर महिन्याला तीन हजार जास्तीचे भरायचं ठरवलं. मी विरोध केला. त्यापेक्षा पैसे कुठेतरी गुंतव, वाढतील, असं मी पाऊण तास समजावलं. ती बटणं लावत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, आधी घर माझं होऊ दे, मग वाढव तुझे पैसे. मग मीही गणित मांडलं आणि मान्य करावं लागलं: दर महिन्याला तीन हजार जास्त गेले, तर चौदाव्या वर्षाच्या शेवटच्या पगाराला कर्ज संपत होतं. अगदी मापात.

बँकेची पहिली पावती मीच भरून दिली. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, फळ्यावर मुलं बघत राहतात. तपशिलाच्या रकान्यात मी झोकात लिहिलं: 'जादा हप्ता'. ताईने ती पावती नमुना म्हणून जपून ठेवली आणि पुढे दर महिन्याला शब्द न् शब्द तशीच उतरवत गेली. माझ्या 'ज'ची शेपटीसुद्धा. वर्षाला एकदा बँकेचं पाकीट यायचं, ते ती न उघडता माझ्याकडे पाठवायची, कारण भाऊ गणिताचा मास्तर. आणि मास्तर ते न उघडता कपाटात ठेवायचे, कारण बहीण नेमाने पैसे भरतेय, त्यात बघायचं काय? दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

जादा भरायला लागल्यापासूनचं सहावं वर्ष संपताना पाकीट आलं तेव्हा मी परीक्षेच्या कामात होतो. ताईने ते स्वतःच फोडलं. आकड्यांच्या रांगा तिने सोडून दिल्या आणि सरळ तळाशी गेली, जशी ती कपड्याची दुमड आधी बघते. तिथे शेवटच्या हप्त्याची तारीख होती. घर घेतलं तेव्हाच्या कागदावरची तारीख काढून तिने शेजारी धरली. एकच तारीख. सहा वर्षं घातलेल्या पैशांनी कर्ज एक दिवसही आखूड झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बँकेत गेली. घेऊन म्हणजे जवळजवळ ओढून. तिथली अधिकारी तरुण होती, बोलायला मऊ. तिने संगणकात पाहिलं, मग ताईने आणलेला पावत्यांचा गठ्ठा चाळला. पैसे कुठेही गेलेले नव्हते. पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ म्हणून ते एका बाजूला जमा होते, सहा वर्षं, बिनव्याजी, आणि कर्जावरचं व्याज मात्र आपल्या चालीने चाललं होतं.

"तुम्ही 'हप्ता' लिहिलंत, म्हणून हप्त्यात धरलं," ती म्हणाली. "'मुद्दलात' लिहिलं असतं, तर मुद्दल कमी झालं असतं."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्द शहाण्याचा होता आणि मार बसला ताईला. अधिकारीबाईंनी साठलेले दोन लाख सोळा हजार त्याच दिवशी मुद्दलात वळते केले, त्याबद्दल त्यांना दुवा. पण मागचं व्याज परत मिळण्यासारखं नव्हतं. तिथल्या बाकावर बसूनच मी हिशेब केला, दोनदा केला, आणि दोन्ही वेळा तोच आला. शेवटी तो कागदच ताईपुढे धरला. भाऊजींच्या शेवटच्या पगारानंतरही आठ महिने कर्ज उरत होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, गेलेलं व्याज मी भरतो. ती मशीनपाशी उभी होती. मी लहानपणी तिची सायकल विहिरीत घातली तेव्हाही तिने माझ्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं नव्हतं.

"मी रागावले आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "खूप रागावले आहे. पण रागाचे कोणी पैसे देत नाही, आणि तुझे मला नकोत. तीन वर्षं राहिलीत. तीन हजारांच्या जागी किती घालू, तेवढं सांग."

मी सांगितलं, सव्वापाच. सव्वापाच हजार, दर महिन्याला, एकही न चुकवता.

"आणि पावतीवर काय लिहायचं, ते मी बघेन," ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली. भाऊजी म्हणाले, होईल काहीतरी, आणि ताईने त्यांनाही गप्प केलं.

वरचे सव्वादोन हजार कुठून आणायचे, ते तिला माझ्या शाळेच्या फाटकापाशी सुचलं. ती मला डबा द्यायला आली होती (बोलत नव्हती, पण डबा चालू होता). शाळा सुटली आणि तिने मुलांच्या पँटी पाहिल्या. निम्म्या घोट्याच्या वर गेलेल्या. दुकानातला तयार गणवेश आतून उलटा केला तर शिवणीला जेमतेम बोटभर कापड, उसवून वाढवायला जागाच नाही. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. माणसाची माया, पैशाची माया आणि ही तिसरी. दुकानवाल्यांकडे तिसरी नव्हती, आणि ताईच्या मते त्यामुळे पहिलीही नव्हती.

तिने दोन इंच माया सोडून गणवेश शिवायला घेतला. पँट, फ्रॉक, बाह्या, सगळीकडे दोन इंच. किंमत दुकानापेक्षा थोडी जास्त, पण तीन वर्षं दर सुट्टीत वाढवून द्यायची हमी, उसवणं फुकट. आमच्या मुख्याध्यापिका अशा गोष्टीत फार चिकित्सक. त्यांनी नमुन्याची पँट उलटी करून पाहिली, शिवण ओढून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, किती शिवून होतील? ताईने खरा आकडा सांगितला नाही, थोडा फुगवून सांगितला. मग तो खरा करून दाखवला.

पहिल्या वर्षी चाळीस पोरं, दुसऱ्या वर्षी एकशे दहा. पुढची खोली कापडाने अशी भरली की भाऊजी जेवायला स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहायचे. ड्युटीवरून आले की तेही काजं-बटणं करायला बसायचे. बसचं चाक फिरवणाऱ्या त्या जाड बोटांनी त्यांनी इतकी बारीक काजं केली की ताई दोनदा उलटून बघायची. मलाही शिक्षा होती. रोज मधल्या सुट्टीत मापं घेऊन वहीत लिहायची, आणि प्रत्येक माप ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. मी एकदाही तक्रार केली नाही. एकदा केली, पण ती तिने ऐकली नाही.

महिन्याला सव्वापाच हजार जायला हवे होते. कधी साडेपाच गेले, कधी सहा. जूनमध्ये एकदा नऊ गेले. प्रत्येक पावतीवर तिच्या स्वतःच्या, थोड्या वाकड्या अक्षरात: 'फक्त मुद्दलात'. शिक्का मारण्याआधी खिडकीतल्या माणसाकडून ती ते वाचून घ्यायची. तो वैतागायचा. ताईला काय त्याचं?

निवृत्तीला एक महिना नऊ दिवस उरले असताना आम्ही तिघे बँकेत गेलो. अधिकारी तीच होती. शेवटची रक्कम भरली गेली आणि तिने शून्य छापलेला कागद ताईपुढे सरकवला.

ताईने तो परत सरकवला. "अक्षरी लिहा."

अधिकारीबाई हसल्या. त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'बाकी: शून्य'. खाली सही, शिक्का. ताईने कागद माझ्याकडे दिला. "मास्तर, वाच." मी त्या बँकेत, रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर, मोठ्याने वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा मी 'शून्य'वर अडखळलो. भाऊजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ताई म्हणाली की माझं अक्षर चांगलं असलं तरी वाचन सुमार आहे. फार दिवसांनी ती माझी अशी टिंगल करत होती. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

भाऊजींचा शेवटचा दिवस हारतुऱ्यांत गेला. त्यानंतरच्या सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांच्याकडे गेलो, त्या आठवड्याची मापं द्यायची होती. ताईने दार अर्धंच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पहाटे चारला ते सवयीने उठून, बूट घालून पलंगावर बसले होते, ती कुजबुजत सांगत होती. कुठे जायचं ते त्यांना आठवेना. मग तिने बूट काढले आणि म्हणाली, अहो, झोपा, कुणाचं काही देणं नाही आपल्याला.

आता नऊ वाजले होते. आतल्या खोलीतून भाऊजींचं घोरणं ऐकू येत होतं. पुढच्या खोलीत एकशे दहा पोरांचं कापड पडलं होतं, आणि मशीनवर तिने चादर घालून ठेवली होती.

"उठेपर्यंत नाही चालवणार," ती म्हणाली. "तूही हळू बोल."