उजव्या वळणावर पडणारा काटा

"हिच्या हातात गाडी दिली की मीटरचा काटा पडतो. माझ्या हातात पडत नाही," प्रधानसाहेब म्हणाले. "याचा अर्थ काय, शेलार?"

मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो, त्यामुळे उत्तराची घाई करावी लागली नाही. गाडीच्या पलीकडे त्यांच्या पत्नी, नलिनीबाई, उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अर्थ यांनी आधीच काढलाय. तुम्ही फक्त हो म्हणायचंय."

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी लोणावळ्याला बापूशेठच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो. साहेब मुंबईच्या एका कंपनीत इंजिनिअर. तुंगार्लीला त्यांचा छोटा बंगला होता, शनिवारी-रविवारी दोघं यायचे. गाडी विलायती, लाल, दोन सीटांची. इतकी बुटकी की शेजारी उभं राहून आतल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवता यावा. मुंबईकडे विमानाच्या एका जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. साहेबांना तिथे उतरायचं होतं. नाव दिलेलं होतं आणि शर्यत पुढच्याच रविवारी होती.

शर्यतीसाठी गाडी तयार करायची म्हणजे लोकांना वाटतं इंजिनात काहीतरी जादू करायची. तसं नसतं. आधी वजन उतरवायचं. बंपर, स्टेपनी, कापडी टप, पायाखालचे गालिचे, सगळं काढून मी गॅरेजच्या माळ्यावर टाकलं. मग ब्रेकचे लायनर नवे. पळण्याआधी थांबता आलं पाहिजे. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी, म्हणजे फुटल्या तरी रस्त्यावर सांडत नाहीत. कार्बोरेटर दोन होते. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. ते मी रबरी नळी कानाला लावून ऐकून जुळवत असे. ते ऐकणं मला फार आवडायचं. सकाळचं धुकं, शेजारच्या हॉटेलातून येणारा चहाचा वास आणि नळीतून येणारा तो शूऽऽ असा एकसारखा आवाज.

ट्रायल आम्ही वडगावच्या पुढे, हायवे सोडून एका गावरस्त्यावर घ्यायचो. तिथे एक लांब उजवं वळण होतं. वळणाच्या बांधावर टाकव्याकडचे एक म्हातारे शेतकरी बसायचे, आबा म्हणायचो आम्ही त्यांना. बैलगाडी येताना दिसली की ते हात करून तिला थांबवायचे. काटा पडायचा तो याच वळणावर.

हा काटा ऑइलच्या दाबाचा. इंजिनच्या तळाशी पत्र्याचा डबा असतो. आम्ही त्याला चेंबर म्हणतो. त्यातलं ऑइल पंप ओढतो आणि वर फिरणाऱ्या भागांना पोचवतो. काटा पडला म्हणजे ऑइल पोचत नाही, बेअरिंग कोरडं फिरतंय. असं फार वेळ चाललं तर बेअरिंग जातं. त्या काळी असल्या गाडीचं बेअरिंग मिळवायचं म्हणजे विलायतेहून मागवा आणि वाट बघत बसा. शर्यत तर गेलीच असती, गाडीही वर्षभर ताडपत्रीखाली गेली असती.

मी मीटरची नळी बदलली. पंप उघडून पाहिला. व्हॉल्व्हची स्प्रिंग तपासली. सगळं ठीक. साहेबांनी गाडी नेली, काटा जागेवर. बाईंनी नेली, काटा खाली.

"गिअर चुकीचा टाकत असेल," साहेब म्हणाले. "आता तू चालवू नकोस, नलू."

बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि बांधाकडे चालत गेल्या. मला ते बरं वाटलं नाही.

"साहेब, एकदा बाईंच्या शेजारी बसून बघतो," मी म्हणालो. "मग ठरवा."

बसलो. सरळ रस्त्यावर बाई साहेबांसारख्याच चालवत होत्या. वळण आलं. मी काट्याकडे बघत होतो, पण पाय आपोआप पुढे दाबला गेला, जणू माझ्याच बाजूला ब्रेक होता. बाईंनी वळणाच्या आधी एकदाच ब्रेक मारला, आणि मग आख्ख्या वळणात पाय ॲक्सिलरेटरवरच. मी दारावर आपटलो. काटा सरकन खाली आला. वळण संपलं, काटा वर.

परत आलो तर आबा बांधावरनं म्हणाले, "बाई पुन्यांदा येनार असतील तर आदी सांगा. म्हशी आत घेतो."

मग साहेबांच्या शेजारी बसलो. साहेब वळणात मधेच पाय उचलत होते. मला दार धरावंसुद्धा लागलं नाही.

आता उलगडलं. वळणात माणूस जसा दारावर जातो तसं ऑइलही चेंबरच्या एका कडेला जातं. पंपाची नळी दुसऱ्या कडेला. गाडी वेगात असली की नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. साहेबांच्या वेगाला ऑइल तितकं सरकतच नव्हतं.

गॅरेजवर येऊन बापूशेठना सांगितलं. त्यांनी विडी विझवली.

"साहेबाला काय सांगनार?"

"खरं ते."

"खरं सांग. पन गाडीचं सांग. बायकोचं सांगू नको."

मी गाडीचंच सांगितलं. चेंबर कमी पडतंय, आत आडवे पत्रे मारू, ऑइल जागेवर राहील. साहेब इंजिनिअर होते. त्यांनी मान डोलावली, आणि थोड्या वेळानं विचारलं, "म्हणजे ती माझ्यापेक्षा जोरात वळते?"

"व्हय," मी म्हणालो. घरातला शब्द तोंडातून गेला. "बरंच."

चेंबर उतरवलं. बेअरिंग पाहिली, नुसती घासल्याची खूण होती, वाचली होती. तळेगावच्या वेल्डरकडून आत पत्रे मारून घेतले, खाली ऑइलला वाट ठेवून. पुन्हा त्याच वळणावर गेलो. या वेळी बाईंच्या शेजारी साहेब स्वतः बसले. मी आणि आबा बांधावर. गाडी आली तशी गेली, आवाज कुठे तुटला नाही.

साहेब उतरले. चेहरा पांढरा पडला होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, बाईंच्या बाजूला येऊन थांबले आणि म्हणाले, "काटा हलला नाही." मग माझ्याकडे वळून, "शेलार, सीट पुढे घेऊन पक्की करून टाक. तिचे पाय नीट पोचत नाहीत. शर्यतीतलं नाव बदलायचं मी बघतो."

बाईंनी लगेच पाय लांब करून पेडल कुठवर येतं ते मला दाखवलं.

रविवारी त्या साहेबांचा पांढरा डगला बाह्या दुमडून घालून बसल्या. पहिल्या आल्या नाहीत, तिसऱ्या आल्या. पुढच्या दोन्ही गाड्या इंजिनानं मोठ्या होत्या. शर्यत संपल्यावर साहेब अनोळखी माणसांना धरून धरून सांगत होते, "ती माझी बायको." इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आज त्या रस्त्यावर कंपन्यांच्या बस धावतात. वळणही रुंद करून सरळ केलंय. कधी तिकडून गेलो तर बांध कुठे होता तेवढं शोधतो.

धंद्यात मी एवढं शिकलो की गाडी ज्याच्या हातात बिघडते त्याला बोल लावण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून बघावं. बसताना दार मात्र घट्ट धरावं.