नव्या मातीखालचा गाळ

होस्टेलमधल्या मित्रांनो, मेसच्या फळ्यावर हे आजच लावतोय, कारण डोकं शांत होत नाही.

कळमेश्वरजवळच्या एका तलावात कारखान्याचं सांडपाणी येतं. तिथला विषारी गाळ साफ कसा करायचा, यावर आम्ही तिघं संशोधन करतो. मी रसायनशास्त्राचा, सुजाता वनस्पतिशास्त्राची आणि प्रकाश इंजिनिअर. माझ्या नमुन्यात शिसं सापडलं होतं. प्रकाशने गेल्या आठवड्यात आणलेला नमुना मात्र स्वच्छ निघाला. त्याचे मेहुणे त्याच कारखान्यात आहेत. मला शंका आली.

म्हणून आज दुपारी तिघं मिळून गेलो. काठावर सुजाता एकदम थांबली. "ही बेशरमाची झुडपं अर्धी मातीत काहून गाडली गेली गा?"

आम्ही खणलं. वर नवी माती, खाली तेलकट, कुबट गाळ. कुणीतरी बरोबर आमच्याच नमुना घेण्याच्या जागेवर माती टाकली होती, आणि प्रकाशने तीच आणली होती. चुकून की जाणून? ती जागा तर फक्त आम्हा तिघांनाच ठाऊक होती.

"माह्यावर शक करून राहिला का तू?" प्रकाशने विचारलं. मी बरणीचं झाकण उघडलं.

खालचा गाळ बरणीत भरला, झाकणावर तिघांनी सह्या केल्या. परतताना एसटीत प्रकाशने हात पुढे केला. "दे, मी धरतो. थकला असशील." फावड्याने त्याच्या तळहाताला फोड आले होते.

मी बरणी मांडीवरून हलवली नाही. सुजाता खिडकीबाहेर पाहत राहिली.

उद्या याच दोघांबरोबर काम करायचं आहे. खरं सांगा, तुम्ही दिली असती का बरणी?