नाना, जवस आणि बांधाचा दगड

हे बाहेर सांगायचं नाही, असं आईनं बजावलंय. पण पोटात राहत नाही, आणि तसंही तोंडघशी पडले ते मीच.

आमच्या आजोबांना सगळे नाना म्हणतात. भावकीतल्या शंकरकाकांच्या आणि आमच्या शेतामधला बांधाचा दगड पूर्वी कुठं होता, असं कुणी विचारलं की नाना म्हणायचे, "आठवत न्हाई." अण्णा, म्हणजे माझे वडील, गावभर सांगत सुटले की नानांची आठवण गेली. मला वाटलं, आज दगड विसरले, उद्या मला विसरतील.

तेव्हाच मी विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता करत होते. हळद, जवस, अक्रोड यांतले घटक म्हातारपणीच्या विस्मरणापासून मेंदूला जपतात, असं त्यावर लिहिलं. बाईंनी दिलेल्या कागदावर 'कदाचित जपत असावेत' होतं. तक्त्यावर जागा कमी, म्हणून मी 'कदाचित' गाळलं.

अक्रोड आमच्याकडे कुठले? मग नानांना सकाळी हळदीचं दूध आणि दोन्ही वेळा भाकरीवर जवसाची चटणी. आठ दिवसांत नानांनी मला माझी जन्मवेळ सांगितली, तेव्हा दवाखान्यात लाईट गेली होती, हेसुद्धा! मी तर शास्त्रज्ञच झाले.

मग जमीन मोजायला माणसं आली. बांधावर सगळी भावकी जमली. काका म्हणाले, नानांनाच विचारा. अण्णा म्हणाले, त्यांना काय विचारता, काल काय खाल्लं तेबी आठवत नाही.

वर्गात हजेरीलाही माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी नेमका निघाला.

"अण्णा, नानांना आता समदं आठवतंय. मी रोज जवस खाऊ घालती."

काका नानांकडे वळले. "सांगा नाना. लेकरू खोटं बोलंल का?"

नानांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काठी बोरीच्या बुडाकडे केली. "तितं व्हता. ह्या माझ्या लेकानं पोळ्याच्या दिशी सरकवला."

आमचं चार हात रान गेलं. मी रडत नानांना म्हटलं, निदान औषध तरी लागू पडलं.

"येडे, मी इसरलोच कवा व्हतो? लेकाला चोर म्हनवंना आन लबाड बोलवंना, म्हनून आठवत नव्हतं. तू तोंड उघडल्यावर कुटं लपू?"

"मग चटणी?"

"दातात अडकती. तुझ्या शेळीला घालीत व्हतो."

इकडे तक्त्याला बक्षीस मिळालं. परवा तालुक्याला न्यायचाय. बाईंनी विचारलं, प्रयोग कुणावर केलास? मी म्हटलं, घरातल्याच एका सदस्यावर. बाई खूश. म्हणाल्या, परीक्षकांना भेटवायला त्यांनाही सोबत आण. तर आता मला शेळीला घेऊन…

आले, अण्णा! कुणाशीच नाही बोलत, मी नुसती शेळीला पाला घालतीय!