तिच्या गाडीला रेडियल टायर

गाडी बायकोची होती. माझ्या सासऱ्यांनी तेल्हाऱ्याला ती जुनी म्हणूनच घेतली होती, आणि पुढे वाटणीत शेत मुलाला दिलं, गाडी मुलीला. ती चालवायची, मी डावीकडे बसून वाचायचो. अमरावती ते अकोला हा आमचा नेहमीचा रस्ता. अकोल्याला तिचा धाकटा भाऊ राहतो, आणि दर भाऊबीजेला ती याच गाडीने त्याच्याकडे जायची.

ती गेल्यापासून गाडी पोर्चमध्ये उभी होती. वर्ष होत आलं तेव्हा मेहुण्याचा फोन आला.

“भाऊजी, गाडी काहून सडवून राहिले? बाबाची गाडी हाय ते. भाऊबीजेले चालवत घेऊन या. नाई जमलं तं मी माणूस पाठवतो, मंग गाडी इथंच राहीन.”

यंदा आम्हाला सण नव्हता. तरी तो बोलून मोकळा झाला, आणि फोन ठेवल्यावर मी पोर्चमध्ये जाऊन उभा राहिलो. इथली गाडी गेली तर सकाळी दार उघडून बघायचं कशाकडे, हे मला सुचेना.

टायरवाला घरी येऊन गाडीभोवती फिरला. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूंना बारीक भेगा पडल्या होत्या.

“काका, हे चालून नाई गेले, उभे राहून गेले. चारही बदला.”

तिने आयुष्यभर वापरले ते नायलॉनचे टायर. त्यांच्या आत धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत घातलेले असतात. आता सगळ्या गाड्यांना असतात ते रेडियल, त्यांचे धागे सरळ आडवे. नायलॉनचे हल्ली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाच जास्त लागतात, पण या मापाचे मागवून देईन, असं तो म्हणाला.

“दोन हे, दोन ते चालतील का?” मी विचारलं.

“एका पायात बूट अन् एका पायात चप्पल घालून पाहा काका, कसं चालणं होते ते.”

नायलॉनची एक खोड आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की टायर जमिनीला टेकलेला असतो तिथे चपटा होतो. सकाळी निघालं की धप् धप् असा आवाज येत राहतो, आणि टायर तापला की आपोआप थांबतो. आमचा बडनेऱ्याच्या आसपास थांबायचा. “पाय आखडलेत तिचे,” असं ती निघताना म्हणायची आणि मग एक शब्द बोलायची नाही, नुसती ऐकत राहायची. आवाज थांबला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. “कुलूप ओढून पाहिलं ना?” मी पुस्तकातून मान वर न काढता हो म्हणायचो.

मला तो आवाज हवा होता. टायरवाल्याला ते कसं सांगणार? जुन्या गाडीला जुन्या पद्धतीचेच बरे दिसतील, असं मी म्हणालो.

“दिसतीन तं बरेच. पण काका, तुमी गाडी चालवून राहिले का फोटो काढून राहिले?”

तो हसत होता. मी मात्र तिचे हात आठवत होतो. नायलॉनवर ही गाडी रस्त्यात खाच आली की तिच्यामागे जाते. स्टिअरिंगवर तिचे हात सारखे थोडेथोडे हलत असायचे. पुस्तकाच्या कडेवरून मला ते दिसायचे आणि मी तिला चाळा समजायचो. ती गाडी सरळ ठेवत असायची. माझ्याकडे परवाना आहे, तसं मनगट नाही. शेजारून ट्रक गेला तर मी काय करणार होतो?

रेडियल घाला म्हणून सांगितलं.

आठवडाभर सकाळी गावातल्या कॅम्प भागातल्या रिकाम्या रस्त्यांवर हात बसवला. वळवताना स्टिअरिंग जड लागायचं, खांदे भरून यायचे. सरळ रस्त्यावर मात्र गाडी सरळ जायची.

भाऊबीजेला एकटाच निघालो. गाडी दारापासूनच गुळगुळीत चालली होती. बडनेरा मागे पडलं तेव्हा लक्षात आलं, मी कान देऊन बसलो होतो. सुरूच न झालेला आवाज थांबायची वाट बघत होतो. कोणी काही विचारलं नाही. आणि मग मलाच आठवेना, कुलूप ओढून पाहिलं होतं की नाही. गाडी कडेला घेतली. बराच वेळ शेतातल्या फुटलेल्या कापसाकडे बघत बसलो. एकदा घरी परतलो असतो तर पुन्हा निघालो नसतो, हे मला माहीत होतं. मूर्तिजापूरच्या दिशेने गाडी काढली.

मेहुणा दारातच उभा होता. त्याने नमस्कार करण्याआधी टायरला पाय लावून पाहिला.

“हवा कमी हाय.”

“रेडियल आहेत. खाली फुगलेलेच दिसतात.”

“ताईले हे चाललं नसतं.”

“नसतं.”

तो डावीकडचं दार उघडून माझ्या जागेवर बसला. समोरच्या काचेतून बघत राहिला.

“इथून काय दिसे तुमाले?”

“पुस्तक.”

तो हसला, आणि मग तोंड फिरवून बसला. उतरताना म्हणाला, “न्या भाऊजी. पण उभी नोका ठेवू.”

परतताना डावीकडच्या सीटवर त्याच्या बायकोने भरून दिलेला डबा होता. घरी पोचलो तेव्हा दाराला कुलूप नीट लागलेलं होतं. किल्ली लावण्याआधी मी ते ओढून पाहिलं.